हौशी रेडिओ संचाचा विद्युत् पुरवठा व त्यातील दोषशोधन

हौशी रेडिओ संचाचा विद्युत् पुरवठा व त्यातील दोषशोधन : व्यापारी हेतू न ठेवता, केवळ तांत्रिक जिज्ञासा, आत्मशिक्षण व परस्परसंपर्क यांसाठी शासकीय परवाना घेऊन रेडिओ केंद्र चालविणाऱ्या व्यक्तीस हौशी रेडिओचालक म्हणतात. असे चालक आपले प्रेषक व ग्राही संच पुष्कळदा स्वतःच बांधीत आले आहेत. प्रेषक व ग्राही यांचे एकत्रीकरण केलेल्या संचास ट्रान्सीव्हर असे नाव आहे. घरी बांधलेल्या संचातील आंदोलक, विवर्धक, स्फटिक-छानक इ. भागांची चर्चा विपुल होते. तथापि संच बंद पडण्याची किंवा सदोष चालण्याची कारणे बहुधा त्यांच्यात नसून विद्युत् पुरवठ्याच्या भागात असतात. हा भाग संचातील सर्वांत साधा असला, तरी सर्वांत अधिक प्रवाह, उष्णता व दाब त्यालाच सोसावे लागतात आणि बाहेरच्या पुरवठ्यातील प्रत्येक चढउताराचा पहिला आघात त्याच्यावरच होतो. महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्यासारख्या मोठ्या शहरांपासून दूरच्या प्रदेशात, या विद्येचा इतिहास मुख्यतः वीज कोठून व कशी मिळवावी या प्रश्नाचा इतिहास आहे.

प्रारंभीचा काळ : भारतातील पहिले परवानाधारक हौशी रेडिओचालक म्हणून कलकत्त्याच्या अमरेंद्र चंद्र गुप्तू यांचा उल्लेख केला जातो (१९२१). मुंबईच्या रेडिओ क्लबने जून १९२३ मध्ये प्रायोगिक ध्वनिक्षेपण सुरू केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र त्यानंतर चार वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. म्हणजे नियमित नभोवाणीपूर्वी या क्षेत्रात हौशी मंडळीच वावरत होती. या काळातील नलिकांना दोन प्रकारची वीज लागे. नलिकेतील तंतू तापविण्यासाठी २ ते ६ व्होल्टची संचायक घटमाला आणि धनाग्रासाठी सु. ९० ते १२० व्होल्टची कोरडी घटमाला वापरीत. संचायक घटमाला वेळोवेळी प्रभारित करून आणावी लागे, तर कोरडी घटमाला संपली की ती टाकून देण्यावाचून गत्यंतर नसे.

मुंबई शहरास टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्रातून १९१५ पासून वीज मिळू लागली होती. त्यामुळे तेथील हौशी मंडळींना घरगुती पुरवठ्यावर चालणारे प्रेषक बांधणे शक्य झाले. परभणी जिल्हा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. शहरातील हौशी चालक आणि खेड्यातील हौशी चालक यांच्यातील अंतर ज्ञानाचे असण्यापेक्षा विजेचे अधिक होते.

युद्धकाळ व काँग्रेस रेडिओ : दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये सरकारने हौशी परवाने देणे थांबविले व चालकांना आपले प्रेषक पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे लेखी आदेश दिले. तथापि घरी बांधलेल्या संचाची विद्या अशा आदेशाने जप्त करता येत नव्हती, हे १९४२ मध्ये दिसून आले. ‘छोडो भारत’ आंदोलनात वृत्तपत्रांवर निर्बंध आल्यानंतर उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी प्रभृती कार्यकर्त्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. राममनोहर लोहिया यांचे त्यांना मार्गदर्शन होते. प्रेषकाच्या बांधणीत नरिमन प्रिंटर या पूर्वाश्रमीच्या परवानाधारक हौशी चालकाचा हात होता. सु. ४२ मी. तरंगलांबीवर चालणारे हे केंद्र १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी पकडले. पुढे झालेल्या खटल्यात उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

त्या काळच्या प्रेषकांत रोहित्र व चोक ही लोखंडी गाभ्याची जड अंगे विद्युत् पुरवठ्यात असत आणि संचाच्या एकूण वजनाचा मोठा वाटा त्यांचाच असे. प्रेषकाचा जालक व आकाशक यांची जुळणी नव्या जागी पुन्हा करता येई. परंतु पुरवठा मात्र उचलूनच न्यावा लागे. कार्यकर्त्यांनी थोड्या आठवड्यांत मुंबईत अनेक ठिकाणे बदलली, यातील कष्टाची कल्पना यावरून येते.

नलिकांचे युग : युद्धानंतर १९४६ मध्ये परवाने पुन्हा दिले जाऊ लागले. महू येथील लष्कराच्या सिग्नल्स विद्यालयात १९४८ मध्ये हौशी चालकांची संघटना स्थापन झाली. तिचे कार्यालय पुढे दिल्लीस हलविण्यात आले व १५ मे १९५४ पासून ती ‘अ‍ॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ या नावाने ओळखली जाऊ लागली. युद्धोत्तर काळात लष्कराने मोडीत काढलेल्या संचांतील नलिका, धारित्रे, रोहित्रे व स्फटिक हा हौशी मंडळींचा मोठा आधार होता. मुंबईतील लॅमिंग्टन रोड व चोर बाजार ही नावे त्यामुळे सर्वतोमुखी झाली.

या पिढीच्या प्रेषकात ८०७ ही नलिका फार लोकप्रिय होती. तिच्या धनाग्रास सु. ६०० व्होल्ट दाब देत. त्यासाठी मध्यबिंदूयुक्त दुय्यम वेटोळ्याचे रोहित्र, एकदिशकारक नलिका, चोक व विद्युत् विच्छेद्य धारित्रे अशी रचना असे [⟶ एकदिशकारक]. धारित्रांना समांतर असा एक मोठा रोधक जोडीत. त्याचे प्रयोजन अनेकदा नवशिक्याच्या ध्यानात येत नसे. संच बंद केल्यावर धारित्रात उरलेला विद्युत् भार निचरून टाकणे हे त्याचे मुख्य काम होय. १६ मायक्रोफॅराड धारित्र व ५० हजार ओहम रोधक असल्यास ६०० व्होल्ट दाब सु. ०·८ सेकंदात मूळच्या ३७ टक्क्यांवर येतो व सु. ४ सेकंदांत तो ४ व्होल्टइतका खाली जातो. या रोधकात सतत सु. ७ वॉट शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्च होते. त्यामुळे कमी क्षमतेचा रोधक बसविल्यास तो कालांतराने जळून उघडा पडे. संच पूर्ववत चालत राही आणि दोष सहज ध्यानात येत नसे. परंतु वीज बंद करून आत हात घालणाऱ्यास तो प्राणघातक ठरू शके. यामुळेच उघड्या संचावर काम करताना एक हात खिशात ठेवावा आणि स्पर्श करण्यापूर्वी विद्युत् निरोधक मूठ असलेल्या तारेने, रोधकामार्फत, धारित्र भूयोजित करावे, असा जुन्या चालकांचा दंडक होता.

दूरस्थ श्रोत्याचे निदान : विद्युत् पुरवठ्यातील दोष शेकडो किमी. दूर बसलेल्या श्रोत्यास ओळखता येतात, हे हौशी रेडिओचे एक वैशिष्ट्य आहे. संदेशाची सुवाच्यता, प्रबलता व स्वर यांचे अंकांनी मूल्यमापन करण्याची पद्धत १९३४ मध्ये आर्थर ब्राटेन या अमेरिकन हौशी चालकाने सुचविली व ती जगभर रूढ झाली. यातील तिसरा अंक, म्हणजे स्वर, हा मोर्स संदेशासाठी असतो. नऊ हा अंक शुद्ध स्वराचा व एक हा अंक अत्यंत खरखरीत स्वराचा द्योतक होय. मूलतः हा अंक प्रेषकाच्या पुरवठ्यातील एकदिशीकरण व छानन यांचेच गुणपत्रक होते.

भारतातील घरगुती पुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्‌झ असल्याने दोन्ही अर्धतरंगांच्या एकदिशीकरणानंतर १०० हर्ट्‌झचे गुंजन शिल्लक राहते. ते वाढल्यास धारित्र सुकल्याचा संशय घ्यावा. ५० हर्ट्‌झचे गुंजन ऐकू आल्यास एकदिशकारकाची एक बाजू निकामी झाली आहे किंवा एखाद्या नलिकेच्या तंतूतून ऋणाग्राकडे गळती होत आहे, असे समजावे. मोर्स कळ दाबताच स्वर चिवचिवल्यासारखा घसरत असेल, तर प्रवाह वाढल्याबरोबर पुरवठ्याचा दाब पडून आंदोलकाची कंप्रता सरकत आहे असा त्याचा अर्थ होतो. आंदोलकास वायूभरित नियामक नलिकेतून स्थिर १५० व्होल्ट दाब देणे हा त्यावरील रूढ उपाय होता. श्रोत्याने दिलेल्या अंकामागे सौजन्य नसून निदान असावे, अशी अपेक्षा असे. कारण अशुद्ध स्वराचा संदेश शेजारच्या कंप्रतांवर पसरून इतरांच्या संपर्कात व्यत्यय आणतो.

मराठवाड्यातील वीज : महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली. परभणी जिल्ह्यात पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या पायथ्याशी २२·५ मेगॅवॉट क्षमतेचे जलविद्युत् केंद्र उभे राहिले, तर शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळी येथील औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. वीज खेडोपाडी पोहोचली, तशी तिच्यावर शेतीपंपांचा भारही आला. लांब वाहिनीच्या टोकाशी असलेल्या घरात पंप चालू असताना दाब बराच उतरतो आणि पंप एकदम बंद झाले की तो चढतो. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणासाठी स्वतंत्र कंपनी झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागात दीर्घकाळ भारनियमन होत असे. खंडित पुरवठा पुन्हा सुरू होण्याचा क्षण तसेच वळवाच्या पावसातील विजा हे नाजूक अर्धसंवाहक घटकांचे मोठे शत्रू होत. पुस्तकातील आराखडा २३० व्होल्ट दाब गृहीत धरतो. प्रत्यक्षातील संच मात्र मिळेल त्या दाबावर चालवावा लागतो, हे घरच्या बांधणीत नेहमी ध्यानात घ्यावे लागते.

अर्धसंवाहकांचे युग : ट्रॅंझिस्टरांमुळे सहाशे व्होल्टचे भय गेले व त्याजागी १२ ते १३·८ व्होल्टचा, परंतु कित्येक अँपिअर प्रवाहाचा पुरवठा आला. १९८४ मध्ये हौशी चालकांच्या आयात साधनांवरील सीमाशुल्क माफ झाले. राजीव गांधी हे स्वतः परवानाधारक हौशी चालक होते. त्यानंतर परदेशी तयार संच दिसू लागले, तरी त्यांची किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर असल्याने घरच्या बांधणीचे महत्त्व टिकून राहिले.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादच्या अशर फरहान यांनी ‘बिटएक्स’ हा एकपार्श्वपट्ट ट्रान्सीव्हर आराखड्यासह सर्वांस खुला केला. त्याच्या मूळ रूपात १४ मेगॅहर्ट्‌झ पट्ट्यावर सु. ६ वॉट शक्ती मिळे. सहज मिळणारे ट्रॅंझिस्टर, १० मेगॅहर्ट्‌झचे स्फटिक व प्रसंगी नळाच्या वॉशरवर गुंडाळलेली वेटोळी एवढ्यावर तो बांधता येई. परदेशी सुटे भाग न मिळणाऱ्या छोट्या गावातील चालकासही तो बांधता यावा, ही त्यामागील दृष्टी होती. हा संच पुढे जगभर बांधला गेला. त्याच्या शेवटच्या टप्प्यातील क्षेत्र-परिणाम ट्रॅंझिस्टर अतिदाब किंवा उलट जोडणी सहन करीत नाही. म्हणून याही संचात पुरवठ्याची शिस्त महत्त्वाची ठरते.

एक नमुनेदार दोष : ग्रहण उत्तम होते, परंतु बोलू लागताच संदेशात गुंजन मिसळते, ही तक्रार घरी बांधलेल्या संचात वारंवार आढळते. तिचे मूळ साध्या गणिताने समजते. १२ व्होल्टच्या नियामित पुरवठ्यासाठी १५ व्होल्टचे रोहित्र, चार डायोडांचा सेतू व ४,७०० मायक्रोफॅराड धारित्र घेतले आहे असे मानू. २३० व्होल्टवर धारित्राचा शिखरदाब १५ च्या १·४१४ पट, म्हणजे २१·२ व्होल्ट, व त्यातून दोन डायोडांतील १·४ व्होल्ट वजा जाता १९·८ व्होल्ट होतो. प्रेषणात २ अँपि. प्रवाह घेतल्यास दोन शिखरांमधील १० मिलिसेकंदांत हा दाब सु. ४·३ व्होल्टने उतरून १५·५ व्होल्टवर येतो. नियामकास १२ व्होल्ट देण्यासाठी किमान सु. १४·५ व्होल्ट लागत असल्याने तो कसाबसा काम करतो. पुरवठा २२० व्होल्टच्या खाली गेला की ही मर्यादा ओलांडली जाते. १९० व्होल्टवर तर दाबाचा तळ ११·८ व्होल्टवर येतो व नियामक प्रत्येक अर्धचक्रात थोडा वेळ निकामी होऊन १०० हर्ट्‌झचे गुंजन सरळ संचात जाते. ग्रहणात मात्र ०·२ अँपि. इतकाच प्रवाह लागत असल्यास दाब अर्ध्या व्होल्टहूनही कमी उतरतो आणि तीच १९० व्होल्टची वीज पुरेशी होते.

अशा वेळी नियामक बदलून काही साधत नाही. १८ व्होल्टचे रोहित्र घेतल्यास १९० व्होल्टवरही तळ १५ व्होल्टच्या वर राहतो. परंतु पुरवठा २३० व्होल्टवर आला की मार्गस्थ ट्रॅंझिस्टरमध्ये सु. २० वॉट उष्णता निर्माण होते. १५ व्होल्टच्या रोहित्रात ती याच्या निम्म्याहून थोडी अधिक असते. म्हणून उष्णता बाहेर टाकणारा पत्रा मोठा घ्यावा लागतो. रोहित्राच्या वेटोळ्यांतील रोधामुळे भाराखाली दाब आणखी उतरतो, हेही हिशेबात धरावे लागते.

दोषशोधनाचा क्रम : अनुभवी चालक प्रथम संच व पुरवठा एकमेकांपासून अलग करतात. पुरवठ्यावर मोटारीचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा दिवा भार म्हणून लावल्यास सु. पावणेदोन अँपि. प्रवाह वाहतो. या भाराखाली दाब स्थिर राहिला, तर दोष पुढे संचात आहे; उतरला, तर तो मागे आहे. मग रोहित्राच्या दुय्यम वेटोळ्यावरील प्रत्यावर्ती दाब, मोठ्या धारित्रावरील एकदिश दाब व नियामकाचा प्रदान दाब या क्रमाने मापने घेतात. भाराविना सर्व मापने बरोबर व भाराखाली चुकीची येणे, हे सुकलेले धारित्र, सुटलेला सांधा किंवा गंजलेली जोडणी यांचे लक्षण होय. विशेषतः ०·२ ओहम रोधाची सैल जोडणी २·५ अँपि. प्रवाहास अर्धा व्होल्ट कमी करते; म्हणून दाब पुरवठ्याच्या टोकापाशी न मोजता संचाच्या आत, प्रेषण चालू असताना मोजावा.

वितळतार वारंवार जात असेल, तर जाड तार घालणे ही सर्वांत घातक चूक होय. त्याऐवजी घरगुती पुरवठ्यात ६० किंवा १०० वॉटचा तंतूदीप एकसरीत जोडतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिरांत हा ‘सिरीज बल्ब’ सर्वपरिचित आहे. संचात मंडलसंक्षेप असल्यास दिवा पूर्ण प्रकाशतो व बाकीचे भाग वाचतात. तो क्षणभर उजळून मंद झाला, तर धारित्रे भरून प्रवाह कमी झाला असे समजावे. मार्गस्थ ट्रॅंझिस्टर आतून जुळून गेल्यास नियमन नाहीसे होऊन वीसएक व्होल्ट दाब थेट संचात शिरतो. यापासून रक्षणासाठी प्रदान अग्रांवर थायरिस्टर बसवितात. दाब मर्यादेबाहेर जाताच तो अग्रे जोडून टाकतो व वितळतार उडते. उलट जोडणीविरुद्ध एक डायोड व वितळतार पुरेशी होते. केवळ प्रेषणातच नियामक बिथरत असेल आणि दिव्याच्या भारावर तो सरळ वागत असेल, तर रेडिओ तरंग तारांमधून पुरवठ्यात शिरत असण्याची शक्यता असते. अशा वेळी भूयोजन सुधारणे, नियामकापाशी लहान धारित्रे जोडणे व आकाशकाची जुळणी तपासणे हे उपाय करतात.

अलीकडे संगणकातील स्विचिंग पद्धतीचे पुरवठे वापरण्याकडे कल आहे. ते हलके व मोठ्या दाबफरकात चालणारे असले, तरी त्यांतील जलद खंडनामुळे निर्माण होणारा गोंगाट ग्राहीत शिरतो. संच विद्युत् घटमालेवर चालवून पाहिल्यास हा गोंगाट नाहीसा होतो. घटमालेवरील तुलना ही दोषशोधनातील सर्वांत स्वस्त व निर्णायक कसोटी मानली जाते.

आपत्तीतील महत्त्व : ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात तेथील वीज केंद्र बंद पडले व मुंबईपर्यंतचा पुरवठा विस्कळीत झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपाचे क्षेत्र परभणी शहराच्या दक्षिणेस सु. १३५ किमी. अंतरावर होते. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो लोक मृत्युमुखी पडले. त्या वेळी, तसेच २६ जानेवारी २००१ च्या गुजरातमधील भूकंपात, हौशी चालकांनी मदतकार्यात संदेशवहनाची सेवा दिली. ७ मेगॅहर्ट्‌झ पट्ट्यावर दिवसा काही शे किमी. पर्यंत कोणत्याही मध्यस्थ यंत्रणेविना संपर्क होऊ शकतो. मोबाइल दूरध्वनीचे मनोरे ज्या विजेवर अवलंबून असतात, ती नसतानाही तो होतो. अट एवढीच, की संचाची स्वतःची वीज शाबूत असली पाहिजे.

७ अँपिअर-तास क्षमतेची १२ व्होल्टची घटमाला सरासरी ०·४ अँपि. प्रवाहाने तत्त्वतः सतरा तास पुरते. प्रत्यक्षात घटमालेचे वय व तापमान यांमुळे हा काळ कमी होतो. सौर पटलाची जोड दिल्यास तो वाढविता येतो. म्हणून संच घटमालेवर नियमित चालवून पाहणे, तिचा दाब प्रेषणाच्या भाराखाली मोजणे आणि सुटी वितळतार व जोडतारा जवळ बाळगणे यांस हौशी चालकांच्या शिस्तीत मोठे स्थान आहे. आपत्तीच्या वेळी दुरुस्तीस उसंत नसते. जो दोष एरवी गुंजन म्हणून दुर्लक्षिला जातो, तोच तेव्हा एखाद्या गावाचा संपर्क तोडू शकतो.